ठकुबाईचं नाव सापडेपर्यंत

भोर
मंगळवार, १७ जून २०२५

चि. प्रशिक,

जयभीम. वहिनींचा गुडघा कसा आहे?

काल, सोमवार १६ जून, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी दवाखान्याच्या विश्वस्तांसमोर तू उभा राहिलास आणि म्हणालास, "चूक माझी." त्यांनी नोंदींच्या संगणकाचं तुझं काम काढून घेतलं. मी तुझ्या शेजारीच बसले होते. गार झालेला चहा प्यायले.

माझी तक्रार ही, की तू खोटं बोललास, तेही मला न विचारता.

२ जूनला नोंदणीच्या खिडकीवर मी होते. नोंदणीतून निवृत्त झालेल्या बाईला कुणी बोलावत नाही, मीच जाते; खिडकी अजून माझ्याच शब्दावर चालते. गुंजवण्याच्या गोरखने शेजारच्या ठकुबाईला आणलं, तापाने बेशुद्ध. डॉक्टर म्हणाले, जुनी नोंद बघा, कुठलं औषध चालत नाही का. मी नाव टाकलं. पडद्यावर चाक फिरत राहिलं. गोरख म्हणाला, "बाई, जुनी वही आसती तर आतापत्तूर घावलं आसतं." चार मिनिटांनी पडदा कोरा. पुन्हा टाकलं. डॉक्टरांना थांबता येईना. इंजेक्शन दिल्यावर नोंद उघडली. तेच तिला चालत नव्हतं. २०११ साली ते मीच लिहून घेतलं होतं. तिचा चेहरा आठवला नाही. साडेबाराला ती गेली.

आपल्या बायका एकदा माहेरचं नाव सांगतात, एकदा सासरचं. म्हणून तू वह्या संगणकावर आणल्यास तेव्हा, नावाचा कुठलाही तुकडा टाकला तरी सापडलं पाहिजे, हा हट्ट माझा. तो चुकीचा नव्हता. तू तेव्हाच म्हणालास, "आत्या, सूची पहिल्या अक्षरावरून लागते, शब्दकोशासारखी. मधलंच अक्षर दिलंस तर यंत्र सगळी पानं वाचत बसणार." वेल्ह्याच्या दोन लाख नोंदी यात आल्या आणि ते रेंगाळू लागलं. मार्चमध्ये तू उपाय घेऊन आलास: नावांच्या तीन-तीन अक्षरी तुकड्यांची वेगळी सूची. फक्त एक दुपार नोंदणी बंद ठेवू दे, म्हणालास.

मी म्हटलं, "तुझ्या खेळापायी माझी रांग उन्हात उभी करू?" डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही.

३ जूनला तू ती सूची केलीस. आता नाव लगेच येतं. रोज एकदा मी तिचं नाव टाकून बघते.

शाळेत सिस्टर फिलोमिना खोटं बोलणारीला बाकावर उभं करत. काल मला कुणी उभं केलं नाही, म्हणून मी बसून राहिले.

आज विश्वस्तांना सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "आत्या भाच्याला वाचवणारच."

तेव्हा मार्चमध्ये तू काय मागितलंस आणि मी काय उत्तर दिलं, हे तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीने, शनिवार २१ जूनला दुपारी बारापर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. फोन करू नकोस. फोनवर तू पुन्हा दया करशील.

नाही म्हणणारी,
तुझी वनिताआत्या