प्रकरण तिसरे : चहाड्या

३ फेब्रु. ९२
सरांनी प्र. ३ वर आडवी लाल रेघ मारली. अमेरिकेचे पहिले पुढारी एकमेकांविषयी घरच्या पत्रांत काय लिहीत, यावर दोन वर्षं घासली मी. आणि सर म्हणतात, "बाई, या चहाड्या. इतिहास सभागृहात घडतो. एवढं काढा, एम.फिल. होऊन जाईल."
काढणार नाही. कोण कुणावर का रुसला ते पत्रांतच सापडतं, ठरावांत नाही. सरांना इथलाच एखादा पुरावा दाखवते.

५ फेब्रु.
मिळाला! सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, तारेत खोचून ठेवलेल्या जुन्या पत्रांत. ते नगरसेवक होते तेव्हाची. नगराध्यक्षांची निवड इतिवृत्तात 'एकमताने'. कोन गावचे गणूकाका, अण्णांचे जुने स्नेही, लिहितात, एक सभासद आयत्या वेळी फुटला म्हणून समोरच्या उमेदवाराने माघार घेतली. फुटला का, तर त्या उमेदवाराने लग्नाची अक्षत त्याच्या घरी न नेता पत्रिका पोस्टाने धाडली.
अण्णांना म्हटलं, हे सोनं आहे, प्रबंधात घालते.

६ फेब्रु.
बोलून बसले. सकाळी बंब पेटवायला अण्णा स्वतः, कधी नव्हे ते. पाच-सहा पत्रं गेली.
मी म्हटलं, त्या अमेरिकनांनीही वाचून जाळा म्हणून बजावलं होतं, कुणी ऐकलं नाही म्हणून आज...
"ती माणसं मेली. हा फुटलेला मला रोज बाजारात भेटतो."
संतापाने रडू आलं. उरलेल्या पत्रांची तार उचलून माझ्या कपाटात कोंडली.

९ फेब्रु., रवि.
तार परत दिली. चोरून पुरावा नको. नावं गाळते म्हटलं, आधी तुम्ही वाचा. अण्णा दुपारभर वाचत बसले, मधेच हसलेही. गणूकाकांचं ते पत्र माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "गणू गेला, त्याचं छापशील. मी त्याला काय लिहिलं, ते?"
म्हणजे धास्ती त्याची होती. म्हटलं, तेही वाचायचंय. नको म्हणाले नाहीत.

११ फेब्रु.
कोनला जाऊन आले. काकांच्या सुनेने ट्रंकेतून पुडकं काढलं. "मामंजींची पत्रं हायत ना. जाळली नाय आमी."
रिक्षातच उघडलं. अण्णांचं अक्षर. 'गणू, तो एकटाच नाही फुटला. मीही मत फिरवलं. कारण पत्रिका नव्हे. भेटीत सांगेन.'
सरांनी शुक्रवारी बोलावलंय. प्र. ३ घेऊन जाणार, हे नक्की. हे पत्र त्यात असेल का, ते अण्णांनी सांगायचं. बाहेर झोपाळ्यावर बसलेत. मी आल्यापासून एकदाही आत पाहिलं नाही त्यांनी. जाते, विचारते.