बोधीचा गुडघा

२८ एप्रिल १९९६, रविवार

आजच लिहून ठेवतो, उद्या लोक गोड बोलायला लागतील तेव्हा विसरायला नको.

बोधीचा गुडघा गेला.

बेसबॉलची मॅच आमच्या हातात होती. मी पिचिंग करत होतो, म्हणजे बॉल टाकत होतो; बोधी शॉर्टस्टॉपला, म्हणजे त्याच्या नेहमीच्या जागी, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे. सनीव्हेलच्या या सगळ्या संडे लीगमध्ये त्या जागेवर त्याच्यासारखा कोणी नाही. कॉलेजात क्रिकेटला पॉइंटवर उभा राहायचा, तेच हात, तेच डोळे. समोरच्या टीमचा ग्रेग पहिल्या बेसवर होता. पुढच्या गड्याने बॉल जमिनीवरून आमच्या डेनिसकडे मारला, डेनिसने उचलून बोधीला दिला. बोधी दुसऱ्या बेसवर पाय टेकवून पहिल्याकडे फेकणार, एका झटक्यात दोन आउट. शंभरदा केलेलं काम. ग्रेग धावत आला आणि घसरला. बेसकडे नाही. बोधीच्या पायाकडे, बूट वर करून. त्या बुटांना खाली खिळे असतात.

'आई गं' असं ओरडला. एवढ्या माणसांत ते मला एकट्याला कळलं.

आणि ग्रेग उठला, पँट झाडली, आपल्या बेंचकडे बघून हसला. हसला. मी पाहिलंय.

यापुढे या वहीत त्याचं पूर्ण नाव लिहिणार नाही. ग्रे. बस.

१ मे, बुधवार

गुडघ्यातलं लिगामेंट पूर्ण तुटलं. ऑपरेशन. डॉक्टर म्हणाला, चालेल व्यवस्थित. 'आणि खेळणं?' विचारल्यावर चष्मा पुसत बसला.

कामाचंही अवघड. बोधी फॅबमध्ये, चिप बनवण्याच्या त्या क्लीन रूममध्ये, दिवसभर उभ्यानं काम. मॅनेजर म्हणाला, तात्पुरतं डेस्कचं बघू. 'तात्पुरतं' या शब्दावर बोधीने माझ्याकडे पाहिलं. व्हिसा कंपनीच्या हातात.

ग्रे. येऊन गेला म्हणे हॉस्पिटलमध्ये. फुलं घेऊन. बोधी गुंगीत होता. कांचनवहिनीने फुलं घेतली, थँक यू म्हणाली, तो लिफ्टमध्ये शिरल्यावर बाथरूममधल्या कचऱ्यात टाकली. मला म्हणाली, "भाऊजी, सॉरी म्हणाला नाही हो तो. 'दीज थिंग्ज हॅपन' म्हणाला."

दीज थिंग्ज हॅपन.

५ मे, रविवार

हरलो. वाईट.

वॉल्टने डेनिसला शॉर्टस्टॉपला उभं केलं. वॉल्ट आमच्या टीमचा मॅनेजर, रिटायर झालेला, टोपी कधी काढत नाही. डेनिस टेस्टिंगमधला इंजिनीअर, भला माणूस, पण बॉल येताना पापणी मिटतो. तीन बॉल हातातून सुटले. चौथ्याला तर तो बाजूलाच झाला.

आज कळलं, मी पिचर कसा होतो ते. मी बॉल खाली टाकायचो, गडी जमिनीवरून मारायचे, बोधी सगळं गोळा करायचा. लोक म्हणायचे सिड काय टाकतो! टाकत बोधी होता.

बेंचवर कोणीतरी बोधीचा ग्लव्ह त्याच्या नेहमीच्या जागेवर ठेवला होता. मी उचलून बॅगेत घातला. तो मेलेला नाही.

११ मे, शनिवार

ऑपरेशन झालं, घरी आणलं. पाय आडवा, टीव्ही चालू, आवाज बंद.

पार्किंगमध्ये डेनिसशी भांडण. मी म्हटलं, त्याने मुद्दाम केलं. डेनिस म्हणाला, "आय डोन्ट नो, मॅन. मी सगळ्यात जवळ होतो. मला वाटलं तो बेसलाच जात होता, जरा उशिरा घसरला."

"आणि हसला ते?"

"मी नाही पाहिलं."

पापण्या मिटल्या असतील तर कसं दिसणार? हे त्याला तोंडावर म्हणालो. लाल झाला, गाडीत बसून गेला. सॉरी म्हणणार नाही.

१९ मे, रविवार

वॉल्टने सगळी टीम हलवली. मला म्हणाला, "खाली टाकू नकोस. तिथे आता बोधी नाही. वर टाक, जोरात टाक, हवेत मारू दे. आउटफिल्डला आपले पाय चांगले आहेत." डेनिसला रोज संध्याकाळी पन्नास-पन्नास बॉल मारतो, तो थकला की स्वतः वाकून गोळा करतो.

वर टाकायचं म्हणजे छातीच्या उंचीवर. हात तयार होतोय. वॉल्टला वाटतं टीमसाठी.

आज जिंकलो. एका रनने. मला फार आनंद झाला नाही.

२ जून, रविवार

मॅच दुपारची होती म्हणून सकाळी बोधीकडे बुद्धवंदनेला गेलो. दर महिन्यात आपली चार-पाच घरं जमतात, यावेळी त्याच्याकडे, तो कुठे जाऊ शकत नाही म्हणून. तो खुर्चीत, पाय स्टुलावर. बाकी सगळे खाली.

पंचशील म्हणताना पहिल्याच शीलाला माझी जीभ अडखळली. कुणाला इजा करणार नाही, असं मोठ्याने म्हणायचं, आणि डोक्यात ग्रे. ची बरगडी. डोळे उघडले तर बोधी माझ्याकडेच बघत होता. त्याचेही ओठ हलत नव्हते.

नंतर वहिनी चहा टाकायला आत गेली तेव्हा म्हणाला, "त्यांच्याशी परत कधी आहे बे?"

"जुलैमध्ये. त्यांच्या ग्राउंडवर."

"तू टाकणार?"

"मीच."

"मग?" एवढंच. मान हलवली मी. त्यानेही.

मोबदल्यात त्याने पहिल्यांदा नीट पोहे खाल्ले. प्लेट साफ.

२३ जून, रविवार

परत जिंकलो. डेनिसने आज एक बॉल पालथं पडून अडवला. सगळे उठून ओरडले. मीही उठलो, मग बोधी बेंचवर बसलाय हे आठवलं (आज पहिल्यांदा कुबड्यांवर आला होता) आणि खाली बसलो. बोधी मात्र टाळ्या वाजवत होता. "हाऊ'ज दॅट!" असं क्रिकेटसारखं ओरडला. नंतर गाडीत म्हणाला, "शिकला ना बे तो."

टीमला बोधीशिवाय जमायला लागलंय. चांगली गोष्ट आहे. मला चीड का येते मग? वॉल्टसकट सगळे 'व्हेन बो वॉज हिअर' म्हणायला लागलेत. अरे तो इथेच बसलाय.

मी संध्याकाळी पार्कमागच्या कुंपणावर जुनं जॅकेट टांगतो आणि खिशावर बॉल मारतो. डावा खिसा. आता दहातले सात बसतात. डोक्याला लागायला नको. एवढं ठरवलंय. डोकं नाही. बरगडी.

आईचा नागपूरहून फोन. तिला बोधीचं माहीत आहे, माझं नाही. तरी आवाजावरून म्हणाली, "काऊन रे, कोणावर दात धरून बसला?" म्हटलं, कोणावर नाही, काम जास्त आहे.

१४ जुलै, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

बोधी आणि वहिनी दोघं आले. बोधी आमच्या बेंचवर, टोकाला.

ग्रे. पहिल्यांदा बॅटिंगला आला. मला 'हे' म्हणाला, मान हलवून. जणू आमची ओळख आहे. पहिलाच बॉल मारला त्याच्यावर. घाई झाली. पाठीमागून गेला, एक वीत. तो वळून माझ्याकडे बघत राहिला. अंपायर चालत माउंडपर्यंत, मी बॉल टाकतो त्या उंचवट्यापर्यंत, आला, बोट दाखवून म्हणाला, पुन्हा असं केलं तर बाहेर. दोन्ही टीमना वॉर्निंग.

वॉल्ट आला. टोपीखालून हळू म्हणाला, "मी आंधळा नाही. तुझं झालं ते झालं. आता आपण मॅच खेळू."

खेळलो. फार छान टाकलं, हेही लिहिलं पाहिजे. वर, जोरात, लोक हवेत मारत होते, पकडले जात होते. शेवटच्या इनिंगपर्यंत आम्ही एका रनने पुढे. त्यांची शेवटची बॅटिंग, दोन आउट, तिन्ही बेसवर त्यांची माणसं. अजून एक आउट की मॅच आमची आणि लीगमध्ये पहिला नंबर.

आणि समोर ग्रे.

बॉल लागला की बॅटिंग करणाऱ्याला पहिला बेस फुकट. तिन्ही बेस भरलेले म्हणजे तिसऱ्यावरचा होम बेसला येणार. एक रन फुकट, बरोबरी. हे मला माहीत होतं. कोणी नंतर म्हणू नये की भान नव्हतं.

बेंचवरून बोधी ओरडला. मराठीत. "सिद्ध्या! हाण त्याला!"

डेनिसने शॉर्टस्टॉपवरून माझ्याकडे पाहिलं. त्याला मराठी येत नाही. पण कळलं त्याला. "डोन्ट," म्हणाला.

मी हाणला. अगदी खिशावर. आवाज झाला, हवा निघाल्यासारखा. ग्रे. गुडघ्यावर बसला.

त्यांची अख्खी टीम धावत आली, आमची मधे पडली. अंपायरने मला बाहेर काढलं. ग्रे. बरगडी धरून उठला, पहिल्या बेसकडे चालत जाताना माझ्या जवळून गेला. म्हणाला, "फेअर इनफ."

माझ्या जागी आलेल्या पोराच्या दुसऱ्याच बॉलवर फटका बसला. शॉर्टस्टॉपच्या डावीकडून. डेनिसने उडी घेतली, बोटाला लागून बॉल पुढे गेला. हरलो.

गाडीत मागच्या सीटवर बोधी हसत होता. किती दिवसांनी. वहिनी पण. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि रडायला लागली. हसत रडत होती.

१५ जुलै, सोमवार

फेअर इनफ म्हणे.

त्याच्या अंगावर निळा डाग, दोन आठवड्यांत जाईल. बोधी जिना उतरताना कठडा धरतो. याला तो फेअर म्हणतो. जणू आता आमचं मिटलं, तो मोकळा. मला वाटलं होतं बॉल लागला की छातीतलं काहीतरी खाली बसेल. काल संध्याकाळपर्यंत बसलंही होतं. त्या दोन शब्दांनी परत वर आलं.

लंचला डेनिस माझ्या टेबलापाशी आला. बसला नाही. म्हणाला, "सगळे म्हणतात, बो असता तर तो बॉल अडवला असता. असेल. पण तू नुसतं पिचिंग केलं असतंस तर तो बॉल माझ्याकडे आलाच नसता."

मी ट्रे उचलून निघून गेलो.

वॉल्टने फोनवर सांगितलं, सीझन संपेपर्यंत बेंच. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

२० जुलै, शनिवार

बोधीला घेऊन डॉक्टरकडे. गुडघा वाकतोय, सूज कमी. पण धावून एकदम वळायचं, खाली बसून उठायचं, ते नाही. "नॉट धिस नी," म्हणाला. यावेळी चष्मा पुसला नाही.

परत येताना बोधी म्हणाला, ग्राउंडवरून गाडी घे. शाळेतली पोरं खेळत होती. काच खाली करून बराच वेळ बघत बसला. मी म्हटलं, "बरगडीवर बसला होता की नाही बरोबर?"

"बसला ना."

"मग?"

"मग काही नाही बे. माझा गुडघा त्याच्या बरगडीत नव्हता."

आणि लगेच, दात आवळून: "तरी अजून एक हाणायला पाहिजे होता."

दोन्ही खरं असावं.

कंपनीने डेस्कची जागा कायम केली. फॅबमधलं काम बंद. वहिनी म्हणाली, "बसून काम, चांगलंच की." आत जाऊन भांडी आपटत होती.

९ ऑगस्ट, शुक्रवार

गेल्या रविवारी माझ्याशिवाय टीम सेमीफायनल जिंकली. डेनिसच हिरो. मी बेंचवरून टाळ्या वाजवल्या, त्याने एकदा बघितलं, टोपीला हात लावला. तेवढं झालंय आमच्यात.

फायनल रविवारी. समोर तेच. ग्रे. खेळतोय, बरगडी बरी झाली.

दुपारी ऑफिसात वॉल्टचा फोन. आमच्या पिचरचा खांदा गेला. दुसरा कोणी नाही. "सिड, एकच विचारतो. तू स्ट्राइक टाकशील? फक्त स्ट्राइक, माणसावर एकही नाही? ही पोरं उन्हाळाभर राबलीत. डेनिसचं बघ. प्रॉमिस पाहिजे मला."

केलं प्रॉमिस. खरं म्हणजे खोटं बोललो असं वाटलं नाही बोलताना.

संध्याकाळी बोधीकडे गेलो, सांगितलं. तो जमिनीवर पडून पाय उचलायचा व्यायाम करत होता, थांबला नाही. वहिनी दारात, हातात पीठ.

"त्याला प्रॉमिस केलं," बोधी म्हणाला. "बरं केलं. टीमचं पण आहेच." पाय खाली. पाय वर. "मी बेंचवर असणार आहे."

"ओरडशील?"

"काय माहीत बे. तू ऐकशील?"

वहिनी म्हणाली, जेवायला थांबा भाऊजी. थांबलो.