नव्वदाव्या दिवसाची खुर्ची

आई, काल मी एका मेक्सिकन बाईंना तुझ्या जागी बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. सकाळपासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतोय, चहा दोनदा उतू गेला, आणि हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. म्हणजे माझी अमेरिका तुला माहीत नाही, सनीव्हेलचं हे दोन खोल्यांचं अपार्टमेंट माहीत नाही, आणि मी कोण आहे तेही माहीत नाही. तेव्हा आधी तेच सांगतो. मला पुरुष आवडतात. आणि गेली तीन वर्षं मी क्रिस्टल नावाची नशा करत होतो, काचेच्या बारीक खड्यांसारखी दिसते ती. हे लिहायला जड जाईल असं वाटलं होतं, पण नाही गेलं! काल एकदा बोलून झालंय ना.

इथे कुणी कुणाला आग्रह करत नाही. जेवायला बोलावतात आणि 'नको' म्हटलं की भांडं सरळ फ्रिजमध्ये. पण ज्याच्या हातात क्रिस्टल असतं तो मात्र पंगतीत वाढणाऱ्यासारखा आग्रह करतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका पार्टीत मी दोनदा नको म्हणालो, तिसऱ्यांदा घेतलं. त्या संध्याकाळी वाटलं, आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणापासून लपलेलो नाही. मग शनिवार-रविवार तिकडेच जायला लागले आणि सोमवार उगवेनासे झाले. माझा रूममेट नागपूरचा. तो म्हणायचा, "अरे यार, वीकेंडला गायब, मंडेला भूत! डॉक्टरला दाखव ना बे." मी म्हणायचो, "वर्क प्रेशर आहे रे." एकदा मी सलग चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो आणि मला जगायचा कंटाळा आलाय असं त्याला सांगितलं. त्याने तडक गाडी काढली आणि मला दवाखान्यात नेऊन बसवलं.

तिथे कळलं की नशा सोडवणाऱ्या इंग्रजी ग्रुपला मोठी वेटिंग लिस्ट आहे. एकच खुर्ची रिकामी होती, सॅन होजेला, लॅटिनो, म्हणजे मेक्सिको वगैरेकडच्या, समलिंगी पुरुषांच्या ग्रुपमध्ये, दर शुक्रवारी संध्याकाळी. तिथला काउन्सेलर पन्नाशीचा, कधीकाळी स्वतःच व्यसनातून बाहेर आलेला. मला पाहताच त्याने धडाधड स्पॅनिश सुरू केलं. मी इंग्रजीत म्हणालो, माफ करा, मी भारतातला, चुकीच्या जागी आलोय. तो हसला. म्हणाला, "घरचे तुझ्या लग्नाच्या मागे लागलेत का?" म्हटलं, मावशी लागलीय. "घरून फोन आला की तू आवाज बदलतोस का?" म्हटलं, हो. "मग बस इथे. बरोबर जागी आलायस." पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांदेखत सांगितलं, तू जसा आहेस त्यावर इथे इलाज नाही, कारण तो आजार नाही. इलाज नशेवर आहे आणि मनाच्या दुखण्यावर आहे, आणि दोन्ही एकदमच करायचे. आई, हे मला कुणी बत्तीस वर्षांत सांगितलं नव्हतं! डॉक्टरांनी नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्या, आठवड्यातून एकदा काउन्सेलरशी एकट्याने बोलणं, आणि शुक्रवारी ग्रुप. अर्धं इंग्रजी, अर्धं स्पॅनिश, आणि प्रत्येकाच्या तोंडी सारखी आपापली आई. मला पहिल्या महिन्यातच निम्मं स्पॅनिश कळायला लागलं.

या ग्रुपची एक रीत आहे. नशेविना नव्वद दिवस झाले की शनिवारी दुपारी मध्यभागी दोन खुर्च्या मांडतात. एकीवर तो माणूस, दुसरीवर त्याच्या घरचं कुणीतरी, आणि जे आजवर घरी लपवलं ते त्याने तिथे मोठ्याने सांगायचं. माझे दिवस भरत आले तेव्हा काउन्सेलरने विचारलं, "तुझाही कार्यक्रम करायचा ना?" आणि तुझा हा लेक काय म्हणाला असेल? "नको नको, माझ्यासाठी उगाच कशाला." तुला आठवतं का, कुणाच्यातरी घरी मी पहिल्या विचारण्याला लाडू घेतला होता. घरी येईपर्यंत तू बोलत होतीस, पहिल्यांदाच हो म्हणतात का रे, लोकांना वाटेल घरी खायला घालत नाहीत! मी आपला दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत बसलो. त्याने मात्र मान डोलावून वहीत 'नाही' लिहून टाकलं. त्याची काही चूक नव्हती. तिथल्या कित्येकांचा नकार आजवर कुणी ऐकलाच नव्हता, म्हणून तिथे नकाराला मान आहे. पण यादी लागली, तिच्यात माझं नाव नव्हतं, आणि मला इतका राग आला की पुढच्या शुक्रवारी मी स्टेशनवर सॅन होजेच्या नाही, सॅन फ्रान्सिस्कोच्या फलाटावर जाऊन उभा राहिलो. तिकडे जाऊन काय करणार हे मला पक्कं ठाऊक होतं. एकोणनव्वद दिवस झाले होते.

गाडी आली. दार उघडलं, बंद झालं, गाडी गेली. मी फोन काढला आणि ग्रुपमधल्या एकाला लावला, हॉटेलात स्वयंपाकी आहे तो. "पुढची गाडी इकडची घे," एवढंच म्हणाला. सॅन होजेला उतरलो तर तो स्टेशनच्या दारातच, आणि बरोबर त्याची आई, भाजीच्या पिशव्यांसकट. मी रडत रडत सगळं सांगितलं. तो गोंधळला. "पण तूच तर नको म्हणालास!" त्याच्या आईने विचारलं, काय झालं? त्याने सांगताच तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "मूर्खा, पहिल्यांदाच हो म्हणायला त्याला काय वळण नाही?" मग माझ्याकडे वळून तिने सावकाश स्पॅनिशमध्ये विचारलं, "तुला हवंय?" मी म्हणालो, नको. "हवंय?" तुम्हाला त्रास कशाला. "हवंय?" हो, सेन्योरा. "तुझी आई?" नाहीये. "मग मी बसेन," ती म्हणाली, आणि एक पिशवी माझ्या हातात दिली.

आणि काल ती बसली! निळा झगा, केसांना पिना, पर्स मांडीवर. मी मराठीत बोललो, आई. सुरुवातीपासून, पुरुषांचं, पार्टीचं, भिंतीचं, फलाटाचं. खोलीत कुणाला एक अक्षर कळत नव्हतं आणि कुणी हलत नव्हतं. बोलून झालं आणि मी सवयीने तिच्या पाया पडायला वाकलो, तर तिला वाटलं मला चक्कर आली! ती किंचाळली, चौघे धावले, कुणी पाणी आणलं, कुणी माझे पाय वर धरले. जमिनीवर आडवा पडून मी इतका हसलो, इतका हसलो की मी खरंच शुद्धीवर आहे का याची त्यांना शंका यावी. मग तिने माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला आणि म्हणाली, "मीहो, मला काही कळलं नाही. उद्या जेवायला ये." मीहो म्हणजे बाळा. आता तासाभरात तिकडेच निघायचंय, आणि मी अजून दाढीसुद्धा केलेली नाही.

हे पत्र पाठवायचं असं मनात होतं. पाकिटावर नाशिकचा पत्ताही लिहून झाला. पण त्या घरात बाबा राहतात आणि टपाल तेच उघडतात, म्हणून ते इथेच राहील. काल सगळे म्हणाले, केवढं धाडस केलंस, आणि मीही मान डोलावली. तुला खरं सांगतो, तिला मराठी येत नाही म्हणून तिला सांगता आलं, आणि तू उलट काही विचारू शकत नाहीस म्हणून तुला. आज सकाळी बाबांचा फोन आला होता. "कसा आहेस?" म्हणाले.

मी म्हणालो, "मजेत."