पुढे सांग ना, आजी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र आलं. टपालवाल्याने हातात दिलं तेव्हा म्हटलं, कोणीतरी गेलं बहुतेक! हल्ली पत्र लिहितं कोण? मोठ्या अक्षरात लिहिलंस ते बरं केलंस, माझी शाळा दुसरीतच आटोपलेली. शेजारणीला वाचू दिलं नाही, एकेक अक्षर बोटाने धरून स्वतःच वाचलं. पाण्याच्या केंद्रातले पंप अन् पाण्यात टाकायचं औषध आता कॉम्प्युटरवर चालतं, त्यात चोर शिरू नयेत म्हणून तुम्हाला तिथे ठेवून शिकवतात, एवढं समजलं. मला आपलं वाटायचं, सायबर म्हणजे साहेबाच्याही वरचा कोणी असेल. असो! माझी नात अख्ख्या गावाच्या पाण्याची राखणदार. मला तर बाई आभाळ ठेंगणं झालं.

पण एक ओळ पुन्हा पुन्हा वाचली. पहिल्याच दिवशी सगळ्यांचे फोन दारात जमा करून घेतले, शिकवणी संपेपर्यंत मिळणार नाहीत, म्हणून पत्र. मग भिंगरे, रोज दुपारी माझ्याशी बोलतं कोण?

नंबर नवा होता, आवाज तुझाच. 'आजी' म्हणताना शेवटी हेल काढतेस, तोसुद्धा. अन् काय सांगू, किती सुख वाटायचं! तू कशी, दोन वाक्यं झाली की 'आजी, मुद्द्यावर ये.' हिला कधी घाई नाही. 'मग? पुढे सांग ना, आजी.' मागे ना भांड्याचा आवाज, ना गाडीचा, ना कधी ठसका. म्हटलं, पोरगी सुधारली, शिकवणीचा गुण! तुला ताप आला की काय बोलून थोपटायचे, रागावले की कशी हाक मारायचे, सगळं खोदून खोदून विचारलं. माझ्या तोंडाला कुलूप कधी होतं? सगळं सांगितलं.

एकदा म्हणाली, मागे न्हाणीघरात घसरलीस तेव्हा कशी ओरडलीस, ओरडून दाखव ना. हौस बघ म्हातारीची, दाखवलं! म्हणाली, अजून एकदा. मी आणखी जोरात. मग दोघी हसलो. म्हणजे आधी मी हसले. माझं थांबल्यावर ती हसली, हुबेहूब माझ्यासारखी.

काल मी शेंगा सोलत बसले होते. शेजारीण धापा टाकत आली, एकाच पायात चप्पल. मला बघितलं अन् उंबऱ्यातच मटकन बसली. म्हणे, आत्ता तुझा फोन होता, 'पडले गं, धाव!' मी म्हटलं, कानात बोळे घातलेस का? माझा फोन तर फडताळात. तर म्हणते, अगं, तुझी हाक मी ओळखत नाही होय? अन् तसंच तर मी त्या नव्या नंबरवर ओरडून दाखवलं होतं! शेंगा तशाच राहिल्या.

माझ्यापाशी चोरण्यासारखं काय आहे? दोन पातळं अन् एक कवळी. त्या पाण्याच्या चोरांना तू हवी आहेस. उद्या शिकवणी संपून तू त्या पंपांच्या कॉम्प्युटरपुढे बसशील अन् फोन वाजेल. मी रडत असेन. कॉम्प्युटर उघडायचा कसला तरी शब्द विचारेन, नाहीतर सगळं टाकून ये म्हणेन. आपल्या दोघींत खुणेचा शब्द ठरवावा म्हटलं, पण तो मी गप्पांत कुणाला तरी सांगून बसेन, माझा काय भरवसा! म्हणून हे लिहिते आहे, ते तुझ्या शिकवणाऱ्या बाईंनाही दाखव. तू कामावर असताना मी फोन करणार नाही. खरोखर पडले तरी नाही. तांब्याने भिंत ठोकेन, शेजारीण येईल, तसं ठरलंय आमचं. दुपार झाली, बघ, वाजतोय फोन. वाजू दे. भिंगरे, आवाज कितीही माझा वाटला, कितीही कळवळून हाक आली, तरी तू उठू नकोस.

तुझीच, भिंतीला तांब्या लावून बसलेली,
आजी