शंखाचं कुणी विचारलंच नाही

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

झालं एकदाचं! वरच्या डाव्या दाढांच्या जागी नव्या दातांसाठी दोन स्क्रू बसले. आधी हाड वाढवावं लागलं — तिथलं झिजून पातळ झालं होतं म्हणे, आणि वर नाकाला जोडलेली सायनसची पोकळी. तिचा पापुद्रा उचलून खाली हाडाची पूड भरली. "अंड्याच्या आत असतो ना काका, तेवढाच नाजूक पापुद्रा," मीनल म्हणाली. आमच्याच गल्लीतल्या जनाबाईची नात. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये दातांचा दवाखाना उघडून सहा महिने झालेत. पोरीचा हात हलका आहे.

पथ्याचा कागद दिलाय. नाक शिंकरायचं नाही. स्ट्रॉने प्यायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून. विमानात बसायचं नाही! मी बदलापूरच्या पुढे जातोय कशाला?

७ फेब्रुवारी

सूज उतरली. घरी बसून कंटाळलो होतो. संध्याकाळी दत्ताच्या देवळात आरतीला गेलो. तीस वर्षं शंख माझ्याकडे, दुसऱ्याच्या हाती देववत नाही. तीनदा वाजवला. बरं वाटलं.

११ फेब्रुवारी

आरती, शंख नेमाने चालू. सकाळी शिंक आली, ती तोंड उघडून दिली. मोतीबाई दचकली — "अवो, मानूस हाय का म्हैस?" बायकोला काय कळणार! पथ्य म्हणजे पथ्य.

१५ फेब्रुवारी

आज भलतंच! चहाचा घोट घेतला आणि डाव्या नाकपुडीतून बनियनवर. पुन्हा पिऊन पाहिला — पुन्हा तेच. घाण वासही येतोय. तोंडातला चहा नाकात जातोच कसा?

१६ फेब्रुवारी

मीनलने एक्स-रे काढला. पापुद्रा फाटलाय, पूड पोकळीत विखुरलीय, टाक्यांपाशी भोक पडलंय. एक स्क्रू हलतोय, काढावा लागेल.

"काका, नाक शिंकरलंत?" नाही. "तंबाखू?" नाही, दत्ताची शपथ.

तिने एक्स-रे पुन्हा उजेडात धरला. म्हणाली, "मग माझंच काहीतरी चुकलं असेल."

आमचे चिरंजीव कमलेशराव भडकले. बाहेर बसलेल्या पेशंटसमोर ओरडला, "मॅडम, हात साफ करायला माझाच बाप भेटला काय?"

१८ फेब्रुवारी

कमलेशने गल्लीच्या ग्रुपवर माझा एक्स-रे टाकला. खाली, "हिच्याकडे कुनी जाऊ नका." जनाबाई आरतीला आली नाही.

पथ्य तर मी काटेकोर पाळलं. मग चूक पोरीचीच? पण ती तर चांगली आहे. पण भोक आहे! डोकं चालत नाही. आज शंखाचा आवाजही फाटका आला, अर्धी हवा नाकातून गेली.

२१ फेब्रुवारी

कमलेश कल्याणच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी विचारलं, फुगे फुगवता? बासरी वाजवता? छे! "गाल फुगवून फुंकण्यासारखं दुसरं काही?"

शंख!

पण शंख म्हणजे काय फुंकणं आहे? सेवा आहे ती. तीस वर्षांत असं कधी मनातच आलं नाही. कागदावर नव्हतं, मीनलने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. शेजारी कमलेश बसलेला. मी म्हटलं, "नाही." नाही म्हणालो मी!

२३ फेब्रुवारी

मोतीबाईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आता गप ऱ्हावा. पोराची मान खाली जाईल." आणि मीनलची? तिच्या दवाखान्यात दोन दिवस कुणी फिरकलं नाही म्हणे.

पोराची अब्रू की पोरीची? कुणाला विचारू? देवळात गेलो तर लोकांनी शंख पुढे केला. सर्दी झालीय म्हटलं. आणखी एक खोटं, तेही दत्तासमोर! लाज वाटली मला.

२४ फेब्रुवारी

आरती झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं. शंख मी वाजवला, भोक मी पाडलं, मीनलचा काही दोष नाही. कमलेश चपला न घालताच निघून गेला.