बाळंतपणापुरती इटालियन

१६ जानेवारी

ठरलं. इटालियन शिकणार! वय बहात्तर, शाळा सातवीत सुटलेली, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं — तरी शिकणार.

शिवलीलाला पाचवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. पण पोरगी इटलीत, तिथल्या कंपनीत इंजिनिअर. म्हणते, एवढा प्रवास झेपणार नाही. ठीक आहे. लेक माहेरी येत नसेल तर माहेर लेकीकडं जाईल. माहेर म्हणजे आता मीच. माझी बायको पार्वतम्मा असती तर कधीच पिशवी भरून बसली असती. ती नाही, म्हणून काय माझ्या लेकीचं बाळंतपण परक्यांनी करायचं?

फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अप्पा, येऊ नका. भाषा कळणार न्हाय तुम्हाला, जीव घाबरा होईल." होतो का बघू!

पासपोर्ट आहे. व्हिसासाठी तिकडच्या घरातून बोलावण्याचं पत्र लागतं, आणि ते ती देत नाही. घर विहीणबाईंचं आहे. तेव्हा पत्र त्यांच्याकडंच मागायचं. त्यांच्या भाषेत, सरळ. आजवर मी बोलायचो, शिवलीला तिकडं उलगडून सांगायची. काय सांगायची देव जाणे.

१९ जानेवारी

मोबाईलवर एक बाई शिकवते. केस आखूड, हात लई हलवते. क्रियापदांची तीन घराणी म्हणे — आरे, एरे, इरे. पार्लारे म्हणजे बोलणं. पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लियामो, पार्लाते, पार्लानो. दुकानात काळ्या ताडपत्रीचा तुकडा होता, त्यावर खडूनं लिहून काढलं. ताडपत्री-दोरखंडाच्या धंद्यात चाळीस वर्षं काढली, पण ताडपत्रीचा फळा पहिल्यांदाच केला.

'मी', 'तू' म्हणायची गरजच नाही. शेपटावरून कळतं कोण बोलतंय. अरे, हे तर आपल्या कानडीतही आहे! बंदे म्हटलं की मी आलो, बंदा म्हटलं की तो आला. मग भ्यायचं कशाला?

हुमनाबादचा एक ट्रकवाला दोर घ्यायला आला. फळा बघून दोन पावलं मागं सरला. "चाचा, ये क्या जादूटोना लिखे तुम?" ईरण्णा, माझा मुलगा, गल्ल्यावरून म्हणाला, "अप्पा, गिऱ्हाईक पळवायला लागलाव तुमी." पळू दे. दोर त्यानं घेतलाच.

२३ जानेवारी

'जाणं' हे क्रियापद फितूर आहे. वादो, वाई, वा — आणि मग एकदम आंदियामो! कुठल्या कुठं.  पाणी पिऊन परत पाठ केलं.

२७ जानेवारी

बसस्टँडसमोरच्या हॉटेलात माझा जुना दोस्त शंभुलिंग होता, चार टाळकी सोबत. "काय शेठ, इटलीची बाई बघितली म्हणं?"

"व्हय. विहीण हाय माझी."

सगळे हसले. मग शंभुलिंग म्हणाला, "आन् बाळंतपण तू करणार? कंबर शेकणार? बाप्या माणसानं?" मी म्हणालो, "शंभू, तुझ्या म्हशीचं वासरू तू हातानं ओढून काढलंस तवा बाप्या नव्हतास का?" त्यावर कुणी हसलं नाही. चहाचा घोट घेतला आणि उठलो. 

४ फेब्रुवारी

शांताक्का आली जळकोटवरून, मुद्दाम मला झाडायला. थोरली बहीण, तिचा हक्कच आहे. उंबऱ्यातच सुरू झाली. "शरणू, लेकीच्या घरचं पाणी घ्यायचं न्हाय मूल होईपर्यंत. आपल्या बापानं घेतलं का माझ्या घरी? आन् तू तिथं महिना महिना राहणार! काय खाणार? हवा?"

खरंच आहे. दादा, म्हणजे आमचे वडील, माझ्याबरोबर जळकोटला आले की बाहेर लिंबाखाली बसायचे, घरून नेलेली भाकरी सोडायचे. अक्का आतून बघत रडायची. मी तेव्हा लहान, मला ते बरोबर वाटायचं.

म्हणालो, "अक्का, तवा दादांनी तुझ्या हातचं पाणी घेतलं असतं तर तुला कसं वाटलं असतं?"

ती "मला नगं विचारू तसलं," म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. जाताना डिंकाची पुडी ठेवून गेली. लाडवासाठी! 

११ फेब्रुवारी

भूतकाळ. इथं खरी गंमत आहे. झालं-संपलं त्याचं रूप वेगळं आणि होत राहायचं त्याचं वेगळं. एकदा रांधलं ते वेगळं. रोज रांधायची — कुचिनावा. एरा म्हणजे होती.

पार्वतम्मा एरा.

पुढं आज काही केलं नाही.

२० फेब्रुवारी

सून शिवप्रियाकडून डिंकाचे लाडू शिकलो. आधी पदरात तोंड घालून हसली. "मामा, तुमी नगं, मी करून देते की डबा भरून." डबा विमानात घेऊ देतील का नाही ही धास्ती वेगळीच. म्हणून म्हणालो, हात शिकला तर कुणी काढून घेणार नाही. पहिला घाणा जळला. दुसरा दगड झाला. तिसरा तिनं चाखला आणि म्हणाली, "आत्याबाईंसारखा न्हाय, पण लाडू हाय."

अळीव तिकडं मिळेल का? शेगडी पेटवू देतील का घरात? आग लागल्याची घंटा वाजते म्हणे तिथं छतातून. विचारायचं राहिलं. कुणाला विचारू!

२ मार्च

आज त्या आखूड केसांच्या बाईनं नवीनच काढलं. भीती, शंका, इच्छा — यांच्यामागं क्रियापद आलं की त्याचा चेहराच बदलतो. तेमो के नॉन वेंगा. भीती वाटते, तो यायचा नाही. म्हणजे भिणाऱ्या माणसांसाठी वेगळी रूपं! माझ्यासाठीच केलीत. गॅस चालू राहिला असेल, ईरण्णाची गाडी हायवेला घसरली असेल, शिवलीलाला काही झालं असेल आणि मला सांगत नसतील — अख्खा जन्म मी याच रूपांत काढला.

नाही पाठ करणार! भीती मला तोंडपाठ आहे.

मग एक विनंतीचं रूप आहे, वोर्रेई, 'आवडेल बुवा मला'. पाहुण्यानं हेच वापरावं म्हणे, बरं दिसतं. मी पाहुणा नाही, बाप आहे. मला भविष्यकाळ पुरे. वेर्रो. येईन. संपलं.

१० मार्च

विहीणबाईंचा नंबर लग्नापासून ईरण्णाच्या फोनात होता. त्यांचं नाव ग्रात्सिएला. शिवलीला कामावर असेल अशा वेळी लावला. चेहरा दिसायचा फोन. मी नेहमीसारखा उभा, हात जोडून, नजर खाली. मुलीकडच्यानं विहिणीपुढं असंच उभं राहायचं असतं.

बोंजोर्नो, म्हणजे नमस्कार, म्हणालो आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. ताडपत्रीवर पाणी ओतावं तसं!

त्या बोलल्या. रागानं. मी तीनदा 'पियानो, पियानो' म्हणालो, म्हणजे हळू. मग कळलं. चार वर्षांपूर्वी लग्नाला आल्या तेव्हा स्वतःच्या हातानं केलेला केक आणला होता. मी तोंड लावलं नाही. फोनवर मी कधी बसत नाही, त्यांच्याकडं बघत नाही. म्हणजे मला त्या आवडत नाहीत, त्यांचा विटाळ वाटतो. चार वर्षं हेच धरून बसलेल्या!

मान होता तो! मी त्यांना मान देत होतो!

फोन ठेवला. जेवण गेलं नाही.

१२ मार्च

मी कशाला समजावू? आमची रीत आहे. त्यांनी विचारायचं होतं.

पण त्यांनी विचारायचं तर कोणत्या भाषेत? आणि शिवलीलानं तरी का नाही सांगितलं? चार वर्षं दोन्हीकडचं बोलणं तिच्याच तोंडून जातंय.

१५ मार्च

परत लावला. वाक्य आधी फळ्यावर जुळवून ठेवलं होतं. आमच्यात बाप लेकीच्या घरचं खात नाही, बाळ होईपर्यंत. तुमच्यामुळं नाही. माझे वडील असेच. क्रियापदं चुकली असतील, दोनदा तर कानडी घुसली मधे.

त्या म्हणाल्या, "आणि आता माझ्या घरी येऊन उपाशी राहणार?"

"मांजेरो!" खाईन. जोरात म्हणालो, शिवप्रिया पळत बाहेर आली. "तुत्तो!" सगळं खाईन. मग आठवलं आणि घाईनं म्हणालो, "सेन्त्सा उओवा!" अंडं सोडून.

हसल्या. एवढ्या हसल्या की फोन हलला. मला हातानं खूण केली, बसा. मी बसलो. विहिणीसमोर पहिल्यांदा खुर्चीवर बसलो आणि छत काही पडलं नाही.

पत्राचं विचारलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "आधी शिवलीलाशी बोलते," म्हणाल्या.

१६ मार्च

शिवलीलाचा फोन, सकाळी सकाळी. "अप्पा, कुणाला विचारून फोन केलाव त्यांना?"

"माझ्या विहिणीशी बोलायला तुझी परवानगी काढू?"

"मी आहे ना सांगायला! मी सांगते ना सगळं!"

"न्हाय सांगत. केकचं कुठं सांगितलंस?"

रडायला लागली. "येऊ नका अप्पा. माझं ऐका. बाळ झालं की मीच येते." ठेवला फोन. परत लावला तर उचलत नाही.

मी तिकडं जाऊ नये म्हणून हट्ट धरणारी ही पोरगी लहानपणी मी सोलापूरला मालाला निघालो की एसटीच्या पायरीवर बसून राहायची. काहीतरी आहे. ईरण्णा म्हणतो, "अप्पा, तुमाला उगंच वाटतंय." उगंच वाटत असेल तर वाटू दे. मी जाणार!

२२ मार्च

तिचा फोन नाही. फळा पुसला नाही. रोज म्हणतो. येईन, येशील, येईल.

२८ मार्च

विहीणबाईंचा फोन, स्वतःहून. एकेक शब्द सुटा करून बोलल्या, लहान पोराला भरवावं तसं. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, घरात नाही. नातालेपासून — म्हणजे नाताळच, तेवढं आपोआप कळलं. दुसरीकडं राहतो, परत येणार नाही म्हणतो. घरात दोघी बायकाच आहेत. शिवलीलानं त्यांना शपथ घातली होती, अप्पांना कळू द्यायचं नाही. आज त्यांनी शपथ मोडली आणि पत्रही टाकलं.

 त्या उठल्या, फोन घेऊन एका बंद दारापाशी गेल्या, ठोठावलं. आतून आवाज नाही. मी इथूनच ओरडलो, "लीला, अप्पा निघालाय. दार उघड."

उघडलं.