सोमवारची गाडी थांबवण्याबाबत

दिनांक : शुक्रवार (खालच्या औषधवाल्याकडून खात्री करून घेऊन)

प्रति,
मा. साहाय्यक अधिकारी,
कुटुंब व काळजीवाहक साहाय्य कक्ष,
प्रभाग कार्यालय, तळमजला.

विषय : घरातील रुग्ण कोण व काळजीवाहक कोण ही नोंद उलटी झाली असल्याने, सोमवारी येणारी गाडी थांबवण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाचे विश्रांती-मंजुरीचे पत्र, जे अर्जदाराच्या वडिलांच्या नावे आले आहे.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय कळवण्यात येते की, अर्जदार ही सदर घरातील मुलगी असून रुग्ण नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिण्याचे कारण असे की, मागच्या खेपेस तोंडी सांगताना ते मागे पडले आणि नंतर कुणी ऐकून घेतले नाही.

१. अर्जदार घरी बसून शाळेच्या गणवेशांना काजे-बटणे करते. वडील एका मोठ्या कचेरीत आवक-जावक विभागाचे हेडक्लार्क होते. आई नाही. गेली काही वर्षे वडिलांची स्मृती जात चालली आहे. ते साबण फ्रिजमध्ये ठेवतात, चपला उशीखाली ठेवतात, गॅसची कळ फिरवून काडी आणायला जातात ते तिकडेच रमतात. दुपार कलली की अर्जदार त्यांना ओळखू येत नाही. मग ते तिला "बाई" म्हणतात आणि काय काम आहे ते विचारतात. त्यांना नजरेआड करण्याची सोय नाही. रोज दोन तास कुणी येऊन बसावे, म्हणजे अर्जदाराला भाजी आणता येईल, जमल्यास पाठ टेकता येईल, एवढ्यासाठी आपल्या कक्षाकडे मदतनीस मागितला होता. मागणी एवढीच होती.

२. त्यानुसार आपल्या पाहणीताई घरी आल्या. अर्जदाराच्या डोळ्याला कित्येक दिवस डोळा लागला नव्हता, केसांचे टोपले झाले होते आणि कुडता उलटा घातला होता, हे मान्य आहे. दार वाजले तसे वडील ताठ झाले. गळ्यापर्यंत बटणे लावून मेजापाशी बसले आणि म्हणाले, "या, बसा. काय काम काढलंत?" सगळी नोकरी मेजापलीकडच्या माणसाचे ऐकून घेण्यात गेल्यामुळे, समोर कुणी फाइल उघडली की त्यांचा तेवढा भाग जागा होतो. पाहणीताईंनी विचारले, "त्रास कधीपासून आहे?" वडील म्हणाले, "दोन-तीन वर्षं झाली. आधी अशी नव्हती हो. आता सगळं मलाच बघावं लागतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. ते लबाडी करत नव्हते, महोदय. त्यांना तसेच दिसते.

३. मग दोघांनाही वार विचारण्यात आला. वडील म्हणाले, "बाई, तारीख-वार घातल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. आधी तो घाला." पाहणीताईंनी हसून कागदावर वार घातला आणि वडिलांनी तो उलट्या बाजूने वाचून सांगितला. अर्जदार मंगळवार म्हणाली. गुरुवार होता. पुढे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, त्यातला अर्जदाराला एकही आठवला नाही, कारण तिचा एक कान आतल्या खोलीत दुधाकडे होता. दूध उतू गेले आणि अर्जदाराला रडू फुटले. तेव्हा वडील उठले, पेलाभर पाणी आणले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घाबरू नको हं, मी आहे." असा हात त्यांनी कित्येक वर्षांत ठेवला नव्हता. तो तसाच आणखी थोडा राहावा म्हणून अर्जदार गप्प बसली. तेवढ्या वेळात पाहणीताईंनी फाइल मिटली.

४. तेव्हापासून मदतनीसबाई नियमाने येतात आणि अर्जदाराशेजारी बसतात. त्या प्रेमळ आहेत, तक्रार त्यांची नाही. पण त्यांनी अर्जदाराची कात्री व सुया कपाटात बंद केल्या असून, काजे-बटणांचे काम पडून आहे. कपाटाच्या, दाराच्या, सगळ्या किल्ल्या त्यांनी नियमाप्रमाणे काळजीवाहकाच्या, म्हणजे वडिलांच्या, हवाली केल्या. वडील त्या घेऊन बाहेर पडले आणि भर चौकात, दोन्हीकडून गाड्या जात असताना, कचेरी उघडण्याची वाट पाहत उभे राहिले. अर्जदार मागे धावली, तर मदतनीसबाई अर्जदाराच्या मागे धावल्या आणि तिलाच धरून घरी घेऊन आल्या. वडिलांना भाजीवाल्याने आणून सोडले. गॅसबद्दल सांगितले तर बाई म्हणतात, "हो हो, बाबाच विसरतात, तू नाही विसरत." हा सूर अर्जदाराला चांगला ओळखीचा आहे. ती स्वतः वडिलांशी याच सुरात बोलते.

५. यानंतर अर्जदार आपल्या खिडकीवर आली. तेथील कारकुनांनी शांतपणे ऐकून घेतले आणि रुग्णाची तक्रार काळजीवाहकाच्या सहीशिवाय घेता येत नाही असे सांगितले. अर्जदाराने आवाज चढवला, ही चूक झाली. मग घरी फोन लावण्यात आला. वडिलांचा आवाज पलीकडच्या बाकापर्यंत ऐकू येत होता : "आली का तिथे? बसवून ठेवा, चहा द्या, ओरडू नका तिच्यावर. मी माणूस पाठवतो." कारकून अर्जदाराला म्हणाले, "किती चांगले वडील आहेत हो तुमचे." तेही खरेच आहे. पाठवायला माणूस कुठला असणार? कार्यालय बंद होईपर्यंत अर्जदार बाकावर बसून होती, आणि घरी गॅस होता, किल्ल्या होत्या, आणि वडील एकटे होते.

६. आता संदर्भातील पत्र आले आहे. काळजीवाहक थकले असल्याने त्यांना विश्रांती मिळावी म्हणून सोमवारी गाडी येईल आणि रुग्णास, म्हणजे अर्जदारास, आठवडाभर निवासी केंद्रात नेले जाईल. मदतनीसबाईही तेवढे दिवस येणार नाहीत, कारण घरात रुग्ण नसणार. वडिलांनी संमती दिली आहे. त्यांची सही पाहून कुणालाही भरवसा वाटावा अशी आहे. जिन्यात पावले वाजली तरी अर्जदार उठून दाराला कान लावते. सगळ्यात भीती याची वाटते की, हा अर्ज नीट उतरला तर तो वडिलांनीच सांगितला असे म्हटले जाईल, आणि विस्कळीत झाला तर रुग्णाने लिहिला असे म्हटले जाईल. दोन्हीकडून अर्जदारच अडकते. समास सोडणे, विषय एका ओळीत बसवणे हे तिला वडिलांनी लहानपणी शिकवले. आत्ताही ते मेजाच्या त्या बाजूला बसून पाहत आहेत. मघाशी म्हणाले, "अर्जात मी-मी करू नये, बाई. अर्जदार म्हणा."

७. तरी एक गोष्ट मी म्हणून लिहिते, कारण अर्जदार म्हणून ती लिहिता येत नाही. सोमवारची गाडी यावी असे मला वाटते. कुणीतरी माझे अंथरूण घालील, झोप लागली का म्हणून विचारील, ताट वाढून समोर ठेवील. पत्र आले तेव्हा भीतीच्या आधी मला बरे वाटले, आणि त्या बरे वाटण्याची मला जास्त भीती वाटते. गाडी दाराशी उभी राहिली आणि मी आपण होऊन चढून बसले, तर वडिलांचे काय होईल ते मला माहीत आहे, आणि तरीही मी चढेन की काय याची खात्री देता येत नाही. म्हणून गाडी येण्याआधीच थांबवावी. मला थांबवण्यापेक्षा ते सोपे आहे.

८. तरी मेहरबानांस हात जोडून विनंती की, नोंद सुलटी करून सोमवारची गाडी रद्द करावी. ते आपल्या अधिकारात नसेल तर गाडीत दोघांनाही बसू द्यावे; रुग्ण कोण ते तिकडे पोचल्यावर सावकाश ठरवावे, अर्जदाराची हरकत नाही. तेही नियमात बसत नसेल, तर मागे राहिलेल्या वडिलांकडे कुणी तरी माणूस पाठवावा. कुणीही चालेल, मात्र त्याला पुढील गोष्ट समजावून सांगावी. वडिलांना भूक लागलेली कळत नाही. समोर ताट ठेवून भागत नाही, भरवावे लागते. तोंडात घेतलेला घास गिळायचा असतो हे ते विसरतात, तो गालात तसाच धरतात आणि कुणी आले की "या, बसा" म्हणायला तोंड उघडतात. मागे असाच घास अडकून त्यांचे ओठ निळे पडले होते. त्यामुळे जेवताना दार वाजले तरी उघडू नये. समोर बसावे आणि दर घासाला म्हणावे, "बाबा, घास गिळा." मोठ्याने म्हणू नये, ते दचकतात. गळा हललेला दिसला, तरच पुढचा घास द्यावा.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

अर्जदार
(मुलगी)